मरणाचा खर्च आणि मुक्ती
गावगाड्यात मरणाचा सांगावा महाराने न्यायचा, सरणाची लाकडे त्यानेच वाहायची. मोबदला प्रेतावरचे वस्त्र. त्याच्याच घरी मयत झाली, की दिवसकार्यासाठी सावकाराचे दार! १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून जोतीराव फुल्यांनी या भटशाही विधींवर घाव घातला. १८८७ च्या मृत्युपत्रात त्यांनी स्वतःचा अंत्यविधीही लिहून ठेवला: देह जाळू नये, मिठात घालून पुरावा. १८९० मध्ये परवानगीअभावी दहन करावे लागले. पण टिटवे सावित्रीबाईंनी धरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी श्राद्ध-पिंडदान नाकारण्याची प्रतिज्ञा दिली. त्रिशरण-पंचशीलाला पैसा लागत नाही. मग पुण्यानुमोदनाच्या पंगतींसाठी कर्ज कशाला? जोतीरावांसारखे प्रत्येकाने जिवंतपणीच लिहून ठेवावे: माझा अंत्यविधी साधा करा, मागे राहिलेल्यांना कर्जात लोटू नका.