दोन मासे आणि पहिला अतिचार



गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी बदलीमुळे उरण सोडून गेल्या आणि त्यांचे दोन गोल्डफिश आमच्याकडे आले, एका लहानशा गोल काचेच्या भांड्यात. मुलगी खूश झाली. सासूबाई मात्र गप्प. रात्री म्हणाल्या, "अगं, अहिंसाणुव्रताचा पहिला अतिचार कोणता?"

तो आहे बंध. तत्त्वार्थसूत्रात बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध असे पाच अतिचार सांगितले आहेत. जीवाला कोंडणं त्यात सगळ्यात आधी येतं. मला झोप लागेना. म्हटलं, ही घरात मासे कोंडायची रीत आली तरी कुठून?

गोल्डफिश मूळचे चीनचे. हजारएक वर्षांपूर्वी तिथे ते हौसेने तळ्यांत पाळू लागले. काचेच्या पेट्या फार नंतरच्या. 1832 च्या सुमारास सिसिलीत राहणाऱ्या जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी समुद्रातले जीव अभ्यासण्यासाठी त्या बनवल्या. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि मग ही हौस घराघरांत शिरली. आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. अॅक्रिलिक हे 1930 च्या दशकातलं प्लास्टिक. 2015 मध्ये तारापोरवालात त्याचाच बोगदा केला होता.

आपला इतिहास मात्र वेगळं सांगतो. 1583 मध्ये हीरविजयसूरी फत्तेपूर सिक्रीला गेले. त्यांच्या उपदेशाने अकबराने पिंजऱ्यातले पक्षी सोडले, तिथल्या डाबर तलावात मासेमारी बंद केली. आणि 1834 मध्ये मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. मोतीशा शेठ आणि सर जमशेटजी जीजीभॉय तिच्या संस्थापकांपैकी. एक वाट जीव सोडवण्याची, दुसरी सांभाळण्याची.

मला आधी पहिलीच वाट सुचली: विमला तलावात सोडून द्यावेत. पण हे परके, पाळीव मासे. बाहेर ते एक तर मरतात, नाही तर तळ खणून पाणी गढूळ करतात, इतर माशांची अंडी खातात, रोगही नेतात. दोघांना सोडवून शेकडोंचा घात कशाला? म्हणून पांजरापोळीची वाट धरली.

मग त्या भांड्यात ठेवणं हाही बंधच वाटू लागला. मोठी टाकी घ्यायची ठरली: 60 सेंमी लांब, 30 रुंद, 40 उंच, म्हणजे काठोकाठ 72 लिटर. नुसतं पाणीच 72 किलो! काचेपेक्षा अॅक्रिलिक निम्म्या वजनाचं, सहसा फुटत नाही. पण चरे लवकर पडतात. म्हणून घासणी नाही, मऊ कापडच. तळाला सगळीकडून सपाट आधार लागतो. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, म्हणून स्टँड लाकडाचा घेतला.

नळाचं पाणी क्लोरीन उडावं म्हणून एक दिवस ठेवते, वर गाळणं बांधून. बाजारातल्या बहुतेक खाद्यात मासळीची पूड असते. म्हणून मी स्पिरुलिनाचं, पाकिटावर वाचून घेतलेलं खाद्य देते. सोबत उकडून सोललेला मटार. सूर्यास्तानंतर काही नाही.

नवे मासे आणणार नाही, हे मुलीलाही सांगितलंय. तुम्हाला कुणी वाढदिवसाला मासे देऊ केले, तर हात जोडून नको म्हणा. दारात आलेच, तर मात्र जागा मोठी द्या.