छोट्या लाईनचा भराव

धानाचे पुंजणे रचून झाले होते, चुरण्याला अद्याप चार दिवसांचा अवकाश होता, आणि अशा एका रिकाम्या सकाळी आमच्या आज्याने कोणताही पूर्वविचार न करता रेंगीला बैल जुंपून, “चाला पोट्टेहो, इंजन पाहून येऊ,” असा हुकूम सोडला, तेव्हा दिघोरीहून अर्जुनीचे स्टेशन काही कोस दूर आहे, वाटेत जंगल लागते आणि परतताना रात्र होणार, यांपैकी एकाही गोष्टीची चर्चा घरात झाली नाही. छोट्या लाईनवरची वाफेची इंजिने लवकरच मोडीत निघणार, अशी वार्ता आठवडी बाजारातून गावात आली होती. तेवढे निमित्त त्याला पुरेसे होते.

भंडारा जिल्ह्याचा उत्तर भाग आगगाडीच्या वाटेवर बराच आधी आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८६७ साली नागपुरास येऊन थांबले होते. तेथून पुढे छत्तीसगडच्या धान्याला बाजारपेठ मिळावी म्हणून मध्यप्रांताच्या सरकारने मीटर मापाचा मार्ग घातला, आणि १८८० च्या सुमारास तो वैनगंगा ओलांडून गोंदियापर्यंत व त्यानंतर राजनांदगावापर्यंत गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हाच मार्ग आपल्या ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ पर्यंत आसनसोलला नेऊन भिडविला. परंतु जिल्ह्याचा दक्षिण मुलूख, म्हणजे तलावांचा, धानाच्या बांध्यांचा, सागाचा आणि बांबूचा आमचा झाडीपट्टीचा मुलूख, या सर्व उलाढालीपासून दूरच राहिला. त्याच्या वाट्याला रेल्वे आली ती अडीच फूट रुंदीची. अरुंद मार्गाला जमीन थोडी लागते, पूल हलके चालतात, वळणे आवळून घेता येतात, आणि म्हणून जेथे उत्पन्नाची शाश्वती नाही अशा डोंगराळ व अरण्यमय इलाख्यात कंपनीला हेच माप परवडत असे. याच मापाने गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरचा मार्ग झाला. आणि १९०८ च्या सुमारास गोंदियाहून दक्षिणेस सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी अशी गावे जोडीत दुसरा मार्ग नागभीडला पोचला, तेथून त्याची एक शाखा नागपूरकडे आणि दुसरी चांद्याकडे गेली. मोठ्या मापाची ती ‘मोठी लाईन’ आणि आमची ती ‘छोटी लाईन’, असे साधे नामकरण लोकांनी केले.

या सातपुड्याच्या आणि नागभीडच्या मार्गांसाठी बंगाल-नागपूर कंपनीने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्याकडून जी इंजिने मागविली, त्यांतील ‘सीसी’ वर्गाचे इंजिन हे अरुंद मापाच्या मानाने भव्यच म्हटले पाहिजे: पुढे चार लहान चाके, मध्ये ओढ धरणारी सहा मोठी चाके, भट्टीखाली आणखी दोन, आणि मागे कोळसा-पाण्याचा टेंडर. दुपार कलल्यावर असेच एक इंजिन अर्जुनीच्या फलाटाशी येऊन उभे राहिले. फायरमनने भट्टीचे दार उघडले तेव्हा त्याच्या घामेजलेल्या छातीवर तांबडा उजेड पडला. गोल वेताच्या कडीत घातलेला लोखंडी गोळा स्टेशन मास्तरांनी ड्रायव्हरच्या हाती दिला, कारण एकेरी मार्गावर तो गोळा हाती आल्यावाचून पुढे जाण्याची कोणाची प्राज्ञा नसे. आणि मग वाफेचा एक दीर्घ फुत्कार होऊन ती सहा चाके प्रथम जागच्या जागी फिरली, घसरली, आणि नंतर रुळांना धरून चालू लागली. आम्ही मुले कान झाकून उभी होतो. माझ्या लहान बहिणीने तर हात जोडले, आणि तिला तसे करण्यास कोणी सांगितलेले नव्हते.

आजा मात्र इंजिनाकडे फार वेळ पाहत नव्हता. गाडी गेल्यावर तो आम्हांला घेऊन रुळांच्या कडेने बराच चालला आणि एका सखल जागी, जेथे मार्ग पुरुषभर उंच भरावावरून जातो, तेथे थांबून त्याने त्या मातीवर हात ठेवला. त्याचा बाप या कामावर टोपल्यांनी माती वाहत होता. माती कशी थर-थर घालावी, पाणी मारून कशी चोपावी, पावसाच्या धारेने ती खचू नये म्हणून उतार किती सोडावा, हे त्याला कोणत्याही साहेबाने शिकविले नव्हते, असे आजा म्हणाला. ते तलावाच्या पाळीवर शिकलेले होते.

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. कोहळ्यांनी व त्यांच्यासोबत राबणाऱ्या गोंड, ढिवर, महार अशा अनेक जातीजमातींच्या हातांनी या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या पाळी घातल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने आजही ओळखला जातो. इंजिन कोणत्या कारखान्यात घडले, मार्ग कोणत्या साली खुला झाला, हे सर्व कंपनीच्या दप्तरांत लिहिलेले आहे. भरावाची विद्या मात्र या मुलखातच तयार होती, आणि कंपनीने ती रोजंदारीने विकत घेतली, असे मला निश्चितपणे वाटते.

१९९० नंतरच्या दशकात गोंदिया-चांदा मार्ग रुंद झाला आणि छोटी लाईन आमच्या बाजूने नाहीशी झाली; नागपूर-नागभीड हा उरलेला तुकडाही २०१९ साली बंद पडला. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तेथे वाफेचे इंजिन रंगरंगोटी करून ठेवलेले आहे, आणि ते मी मुद्दाम जाऊन पाहिले आहे.

त्या रात्री परतताना रेंगीत आम्ही सारे पेंगुळलो होतो. आजा बैलांना हाकीत होता, आणि वाटेत एखाद्या तलावाची पाळ लागली की कासरा सैल सोडून, ती कोणाच्या पणज्याने बांधली ते कोणी विचारले नसतानाही सांगत होता.