मित्रांसोबत बाईक राईड काढताय? आधी शेवटच्या गाडीवर कोण असेल ते ठरवा

शुक्रवारी रात्री ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "रविवारी निघायचं का?" दहा मिनिटांत अकरा अंगठे येतात. सकाळी साडेसहाचं ठरतं, सात जण येतात आणि आठ वाजता गाड्या हलतात. कुठे जायचं ते ठरलेलं असतं, पण कसं जायचं ते कुणीच बोललेलं नसतं.

साताऱ्यातून निघणाऱ्या राईड बहुतेक पश्चिमेला वळतात. कास, ठोसेघर, महाबळेश्वर. पूर्वेला जाणारे कमी. तिकडे माण तालुका आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. त्यामुळे इथं धबधबे नाहीत, उघडा माळ आहे, मेंढरांचे कळप आहेत आणि लांबवर दिसणारा रस्ता आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घडते ती याच माणदेशात.

ग्रुप राईडसाठी हा भाग मस्त आहे आणि फसवाही. घाटात सगळे आपोआप जपून चालवतात. माळावर रस्ता मोकळा दिसला की हात आपोआप पिळला जातो, आणि सात गाड्यांची रांग तिथंच तुटते.

रांग तुटली तर बिघडतं काय?

एक साधा हिशोब करून बघा. पुढच्या गाड्या ताशी 60 नं चालल्यात. शेवटचा मित्र एका ट्रॅक्टरमागं अडकला आणि दोन किलोमीटर मागं पडला. पुढच्यांनी वेग तसाच ठेवला तर त्यांना गाठायला याला 80 नं सहा मिनिटं, म्हणजे आठ किलोमीटर गाडी पळवावी लागते. ग्रुपमधला सगळ्यात नवखा, किंवा सगळ्यात लहान गाडीवाला, तो आठ किलोमीटर सगळ्यात जास्त वेगानं चालवतो. मधे वाड्यांचे फाटे, स्पीडब्रेकर, आडवी येणारी कुत्री.

आता उलटं करा. पुढच्यांनी आरशात बघितलं, मागचा दिसेना, म्हणून वेग 40 वर आणला. मागचा 60 नंच येत राहिला तरी त्याच सहा मिनिटांत गाठतो. जोर लावायची गरजच पडत नाही.

म्हणून नियम एकच ठेवा: प्रत्येकानं आपल्या मागच्या एका गाडीची जबाबदारी घ्यायची. ती आरशात दिसेनाशी झाली की वेग कमी करायचा. तरी दिसली नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. आपण हळू झालो की आपल्या पुढचाही आरशात बघून हळू होतो, आणि निरोप न पाठवता तो सगळ्यात पुढच्यापर्यंत पोचतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. आमच्या एका राईडमध्ये दहिवडीत चहाला थांबल्यावर मोजल्या तर सहाच्या पाचच गाड्या. सहावा मागं पंक्चर होऊन उभा होता आणि त्याच्या फोनला रेंज नव्हती. सापडला तो पाऊण तासानं. नंतर दोन दिवस आमच्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

पुढं कोण, मागं कोण?

सगळ्यात पुढं रस्ता माहीत असलेला आणि डोकं शांत असलेला. सगळ्यात भारी गाडीवाला पुढं, ही आपल्याकडची रीत मोडा. सगळ्यात मागं अनुभवी माणूस, ज्याचा फोन चार्ज आहे आणि ज्याच्याकडं पंक्चरचं सामान, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी आहे. त्यानं कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही. नवख्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा, म्हणजे पुढचा त्याच्या वेगानं चालू शकतो. मागं डबलसीट बसवलेले मधे.

गाड्या सातच्या वर गेल्या तर दोन गट करा आणि दहा मिनिटांच्या अंतरानं निघा. पंधरा गाड्यांची रांग रील्समध्ये छान दिसते, पण एसटीला ती ओलांडता येत नाही आणि मग ड्रायव्हर मधेच घुसतो.

मोकळ्या रस्त्यावर नागमोडी चालवायचं. म्हणजे पहिला आपल्या लेनच्या उजव्या बाजूला, दुसरा डाव्या, तिसरा परत उजव्या. तिरक्या समोरच्यापासून किमान एक सेकंद, सरळ समोरच्यापासून किमान दोन सेकंद. ताशी 60 ला दोन सेकंद म्हणजे साधारण 33 मीटर. मोजायचं कसं? पुढचा एखाद्या खांबापाशी पोचला की "एकशे एक, एकशे दोन" म्हणा. म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी आलात तर जवळ आहात. वळणावर, घाटात आणि खराब रस्त्यावर मात्र सरळ एकामागं एक. शेजारी-शेजारी चालवत गप्पा मारायच्या नाहीत, त्यासाठी चहाची टपरी आहे.

ओव्हरटेक प्रत्येकानं स्वतः रस्ता बघून करायचं. पुढचा गेला म्हणून मीही सुटेन, हा हिशोब जीवावर बेततो. त्याला जो रिकामा रस्ता दिसला होता, तो तुमची पाळी येईपर्यंत रिकामा असेलच असं नाही.

एक नमुना रस्ता

साताऱ्याहून कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी. तिथून शिखर शिंगणापूर. परत येताना फलटण, आदर्की, वाठारमार्गे सातारा. सगळं मिळून अंदाजे 200 किलोमीटर. शिंगणापूरचं शंभू महादेवाचं देऊळ डोंगरावर आहे आणि खालचं तळं शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधून घेतलेलं. दहिवडीच्या पुढं थोडं गेलं तर गोंदवल्यात ब्रह्मचैतन्य महाराजांची समाधी आहे, पण हे दोन्ही करायचं तर तासभर वाढवून धरा.

दर 35-40 किलोमीटरला थांबा ठरवा आणि तो निघायच्या आधी सगळ्यांना तोंडी सांगा. ग्रुपवरचं लोकेशन रेंज गेली की उपयोगाचं राहत नाही. जिथं रस्ता फुटतो तिथं दुसऱ्या नंबरच्या गाडीनं थांबायचं आणि शेवटची गाडी दिसल्यावरच निघायचं. दहिवडीत म्हसवडचा रस्ता वेगळा होतो आणि फलटणचा वेगळा. चुकलेला माणूस म्हसवडला पोचल्यावर फोन करतो.

पेट्रोलचा थांबा सगळ्यात लहान टाकीवर ठरतो. ग्रुपमध्ये एखादी ॲक्टिव्हा असली तर तिच्यात जेमतेम 5.3 लिटर मावतं. निघताना सगळ्यांच्या टाक्या फुल, आणि दहिवडीत लहान टाकीवाल्यांनी परत भरायचं. शिखराच्या वाटेवर पंप शोधत बसू नका. आदल्या दिवशी हवा, ब्रेक, चेन, लाईट बघून घ्या. टायर ट्यूबवाला असेल तर ट्यूबलेसचं किट कामाला येत नाही, जास्तीची ट्यूब घ्या.

तारीख निवडताना पंचांग बघा. चैत्रात शिंगणापूरची यात्रा असते आणि कावडी घेतलेले हजारो लोक रस्त्यानं चालत असतात. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. तेव्हा राईड नको, जायचं तर यात्रेलाच जा. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की कोरेगाव आणि फलटण भागात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर येतात. अनेकांना मागं लाईट नसतो, रिफ्लेक्टर नसतो. या एका कारणासाठी अंधाराच्या आत घरी पोचेल असा वेळ धरा.

कागदपत्रं आणि कायदा

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजीलॉकरमध्ये चालतं. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचं आहे. नसेल तर मोटार वाहन कायद्यात 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. लायसन्स नसलेल्या मित्राला "घे रे, थोडी चालव" म्हणून गाडी दिलीत तर मालकावरही कारवाई होते. इन्शुरन्सची तारीख उलटलेली असेल आणि समोरच्याला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून.

आणि जेवताना 'एकच बिअर'? 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे निघायच्या आधीच स्पष्ट बोला, ढाब्यावर बसल्यावर कुणी ऐकत नाही.

कुणी पडलंच तर?

आधी बाकीच्यांनी गाड्या रस्त्याखाली घ्यायच्या. एकानं मागं पन्नास-शंभर मीटर जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचा, एकानं 108 ला फोन करायचा. पोलिसांसाठी 112. जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फाट्याचं नाव सांगा. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच, दोघांनी मिळून, मान धरून हळू काढा. पाणी पाजू नका. दहिवडीत ग्रामीण रुग्णालय आहे.

रस्त्यानं जाणारे मदतीला कचरतात, कारण पोलिसांचा ससेमिरा लागेल असं वाटतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही. मे 2025 पासून केंद्राची योजना लागू झाली आहे. तिच्यात अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. प्रत्येकानं रक्तगट आणि घरच्या एकाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. अपघातात फोन फुटलेला किंवा लॉक असतो.

खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल ज्याचं त्यानं, चहा-जेवण समान वाटून, आणि पंक्चरचा खर्च सगळ्यांत. परतताना घरं वेगवेगळ्या दिशांना असतात आणि रांग शहरात शिरताच फुटते. घरी पोचल्यावर प्रत्येकानं ग्रुपवर "पोचलो" टाकायचं. सगळ्यात मागं असणाऱ्यानं ते मोजायचे, आणि सातवा येत नाही तोवर फोन सायलेंटवर टाकायचा नाही.