जखम विषाणूची, जनुके जिवाणूची

अतिनील किरणांनी घायाळ झालेल्या विषाणूत उत्परिवर्तने होणे हे बऱ्याच अंशी यजमान जिवाणूवर अवलंबून असते, हे १९५३ मध्ये ज्याँ वाइगल यांच्या प्रयोगाने दिसले. मूळचे जिनिव्हाचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले वाइगल ई. कोलाय जिवाणू आणि त्यात वाढणारा लॅम्डा फाज हा विषाणू यांवर काम करत होते. किरण दिलेला फाज साध्या जिवाणूंवर सोडला की थोडेच कण तगत. जिवाणूंनाही आधी किरणांची हलकी मात्रा दिली, तर तगणाऱ्यांची संख्या वाढे आणि त्यांच्यात उत्परिवर्तनेही अधिक आढळत. प्रयोग साधा, पण त्यातून निघालेला प्रश्न विलक्षण खोल होता: नुकसान विषाणूच्या डीएनएचे असताना बदल घडवणारी यंत्रणा जिवाणूची कशी?

उत्तर सुमारे दोन दशकांनी हाती आले. रेकए किंवा लेक्सए हे जनुक बिघडलेल्या जिवाणूंत वाइगल यांचा परिणाम दिसत नाही, हे १९७१ मध्ये स्पष्ट झाले. एव्हलिन विट्किन आणि मिरोस्लाव रॅडमन या शास्त्रज्ञांच्या विचारातून, डीएनएच्या नुकसानीला जिवाणू देतो त्या ‘एसओएस’ प्रतिसादाची संकल्पना उभी राहिली. लेक्सए प्रथिन एरवी दुरुस्तीची जनुके दाबून ठेवते. डीएनए दुखावला की सक्रिय झालेले रेकए लेक्सएला स्वतःचेच तुकडे करायला लावते आणि दडपण उठते.

१९७७ मध्ये कातो आणि शिनौरा या संशोधकांना किरण देऊनही फारशी उत्परिवर्तने न होणारे जिवाणू सापडले. त्यातून उमुसी जनुक कळले. उमुसी आणि त्याचे जोडीदार उमुडी मिळून डीएनए पॉलिमरेज ५ बनवतात, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. हे विकर जखमेवरूनही प्रत पुढे रेटते, मात्र तिथे वारंवार चुकीचे अक्षर बसवते.