अक्वायनस आणि शंकराचार्य : पुण्यात घडलेली एक भेट

१/ तेराव्या शतकातील युरोपीय ख्रिस्ती तत्त्वज्ञान विसाव्या शतकात पुण्यात नव्याने जिवंत झाले आणि तेही आद्य शंकराचार्यांच्या भाष्यांच्या सान्निध्यात. त्याची ही हकीकत.

२/ आधुनिक युरोपात देकार्त आणि कांट यांच्यापुढे मध्ययुगीन तत्त्वज्ञान मागे पडले होते. ४ ऑगस्ट १८७९ रोजी पोप तेरावे लिओ यांनी परिपत्रक काढून टॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांच्या अभ्यासाचे पुनरुज्जीवन करण्याचे आवाहन केले.

३/ याच पोपांनी १८९३ मध्ये भारतातील भावी धर्मगुरूंसाठी श्रीलंकेत कँडी येथे सेमिनरी स्थापन केली. १९५५ मध्ये ती पुण्यात आली. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठाची परंपरा तिथपर्यंत पोहोचते.

४/ रिचर्ड डी स्मेट (१९१६–१९९७) हे बेल्जियमचे येशूसंघीय. भारतात येऊन ते संस्कृत शिकले. १९५३ मध्ये त्यांनी रोम येथे शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर प्रबंध पूर्ण केला आणि त्यानंतर ते पुण्यात अध्यापन करू लागले.

५/ प्रबंधामागे एक मतभेद होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या मांडणीत शंकराचार्य प्रामुख्याने तर्कनिष्ठ तत्त्ववेत्ते ठरतात. डी स्मेट यांचे म्हणणे असे, की शंकराचार्य आधी भाष्यकार आहेत. त्यांच्याकडे तर्क प्रखर आहे, पण तो श्रुतीचा अर्थ उलगडण्यासाठी राबतो. अक्वायनस यांच्या लेखनात बुद्धी आणि बायबल यांचे नाते असेच आहे. मध्ययुगाचा अभ्यास असल्यामुळेच डी स्मेट यांना हे साम्य दिसले.

६/ दुसरे साम्य भाषेविषयी. ‘निरोगी माणूस’ आणि ‘निरोगी हवा’ यांत शब्द एकच, अर्थ संबंधित, तरी तोच नव्हे. ईश्वराविषयीचे शब्द असेच साधर्म्याने समजावेत, असे अक्वायनस सांगतात. आपल्याकडे ‘गंगेवर वस्ती’ म्हटले की लक्षणेने ‘गंगेच्या तीरावर’ हा अर्थ घेतला जातो. तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात शंकराचार्य ‘ज्ञान’ हा शब्द ब्रह्माकडे लक्षणेने निर्देश करतो, असे स्पष्ट करतात.

७/ तिसरा मुद्दा सर्वांत वादग्रस्त. निर्गुण ब्रह्म म्हणजे व्यक्तित्वशून्य तत्त्व, असा समज रूढ आहे. मध्ययुगीन परिभाषेत मात्र ‘व्यक्ती’ या संज्ञेचा गाभा बुद्धियुक्त, स्वतंत्र अस्तित्व हा आहे. देह किंवा मर्यादा तिला आवश्यक नाहीत. त्या अर्थाने निर्गुण ब्रह्मालाही व्यक्ती म्हणता येईल, असे डी स्मेट यांनी मांडले.

८/ यावर आक्षेप आले. डी स्मेट यांच्या मते ‘माया’ म्हणजे जगाचे ब्रह्मावरील संपूर्ण अवलंबित्व. अद्वैताच्या अनेक अभ्यासकांना ही अक्वायनस यांची ‘निर्मिती’च शंकराचार्यांच्या मुखी घातल्यासारखी वाटते. आक्षेप वजनदार आहे. पण त्याला उत्तर द्यायचे तर दोघांचेही ग्रंथ मुळातून वाचावे लागतात.

९/ हा संवाद मराठीपर्यंतही आला. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’च्या (१९७४) लेखकांत डी स्मेटही होते.

१०/ लिओ यांच्या आवाहनामुळे अक्वायनस पुन्हा वर्गात आले. पण पाठांतराने जुना विचार जिवंत होत नाही. पुण्यात त्यांच्यासमोर तोलामोलाचा दुसरा भाष्यकार उभा राहिला, तेव्हा त्यांच्या जुन्या संज्ञांना नवे प्रश्न विचारले गेले. पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच.