छेदचित्र, प्रासादाचे
इमारत उभी कापल्यास आत जे दिसेल ते मोजमापाने दाखवणारे वास्तुचित्र. बरोक काळात युरोपमध्ये अशी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून ग्रंथरूपाने छापली जात. जर्मन वास्तुकार पाउल डेकर (१६७७–१७१३) याचा ‘फ्युर्स्टलिखर बाउमाइस्टर’ (आउग्सबुर्ग, १७११) हा ठळक नमुना. त्यातील राजवाडे बव्हंशी कागदावरच राहिले. पण जिने, दालने, चित्रित छते एकाच नजरेत उलगडणारी ही कला आजही थक्क करते. कापलेल्या भिंतींची जाडी आणि मजल्यांची उंची त्यातून थेट मोजता येते, हे तिचे खरे मोल.

पुण्यात हे मोल विशेष जाणवते. पेशव्यांच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली; १८२८ च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले, तट, दरवाजे आणि जोती उरली. त्यातील गणेश रंगमहालाचे वैभव कळते ते मुख्यतः चित्रकार जेम्स वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेल्या दरबारचित्रातून. त्यात पेशवे व इंग्रज यांच्यातील १७९० च्या तहाचा प्रसंग आहे. दरबारचित्र माणसे व थाट जपते. तुळया, खांब आणि मजल्यांचा मेळ सांगायला छेदचित्रच लागते.