रोझेलची मावशी

बाळकुम नाक्यावरून जुना आग्रा रोड कशेळीच्या पुलाकडे जातो आणि खाडी ओलांडून भिवंडी गाठतो. त्याच वाटेवर आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब उभे आहेत. एकीकडे आगरी-कोळ्यांचं जुनं गावठाण, दुसरीकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत उठलेले टॉवर. या टॉवरांतली मुलं आता जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश शिकतात. त्यांतली काही भाषा पक्की करायला स्पेनला जातात आणि हॉस्टेलऐवजी तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. घरच्यांना हे सगळं अगदी नवं वाटतं. या गावांचा इतिहास पाहिला तर ते तितकंसं नवं नाही.

स्पेनचंच घ्या. 1534 च्या वसईच्या तहानंतर साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेलं, आणि बाळकुम साष्टीतच येतं. पुढे 1580 मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि 1640 पर्यंत त्याच घराण्याकडे राहिली. म्हणजे साठ वर्षं ठाणे-बाळकुमचा धनी स्पेनचा राजा होता. कारभार मात्र पोर्तुगिजांच्याच हाती राहिला, त्यामुळे स्पॅनिश भाषा इथल्या वेशीपर्यंतही आली नाही. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि तो अध्याय संपला.

परक्या घरी राहून शिकण्याची रीत तर महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली होती. कोकणातला, देशावरचा गरीब मुलगा पुण्या-मुंबईला शिकायला जाई आणि सात घरी सात वार लावी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी प्रेमाने वाढी, कुणी उपकार मोजून. पंक्तीत आपलं पान कुठे मांडलं जातं यावरून त्या घरातली आपली जागा मुलाला बरोबर कळत असे. वारावर जेवून शिकलेल्या माणसांना शाळेतले धडे एक वेळ आठवत नसत, पण कोणत्या घरी आग्रह झाला आणि कोणत्या घरी नाही, हे म्हातारपणापर्यंत लक्षात राही.

परदेशातल्या कुटुंबात राहून शिकण्याची पद्धतशीर व्यवस्था पश्चिमेत विसाव्या शतकात आली. 1923 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने आपले विद्यार्थी वर्षभरासाठी फ्रान्सला पाठवले आणि त्यांना फ्रेंच कुटुंबांत ठेवलं. 1932 मध्ये डोनाल्ड वॉट यांनी ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही संस्था सुरू केली आणि कुटुंबात राहणं हाच शिक्षणाचा गाभा मानला. आज स्पेनमधल्या सलामांकासारख्या विद्यापीठाच्या गावात ही नेहमीची गोष्ट आहे. हे विद्यापीठ 1218 सालचं. सकाळी वर्ग, दुपारचं जेवण दोन-तीन वाजता, रात्रीचं नऊच्या पुढे. जेवण झाल्यावर कुणी लगेच उठत नाही. टेबलाभोवती गप्पा रंगतात आणि व्याकरणाच्या पुस्तकातली क्रियापदं तिथे कानात मुरतात.

मात्र कल्याणच्या एका मुलीने हे सगळं डेलावेअरच्या त्या विद्यार्थ्यांच्या चाळीस वर्षं आधीच अनुभवलं होतं.

यमुना जोशी 1865 ची. घराणं कल्याणचं. कल्याणच्या टपाल कचेरीत नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हा विचार त्यानंतर तिच्या मनात घट्ट बसला. गोपाळरावांनी मदतीसाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरने धर्मांतराचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं.

इथून पुढचा भाग आज मुलांना परदेशी पाठवणाऱ्या प्रत्येक घराने बारकाईने वाचावा असा आहे. आनंदीबाई लगेच निघाल्या नाहीत. जवळजवळ तीन वर्षं दोघींची पत्रं समुद्र ओलांडत राहिली. एकमेकींच्या घरच्या रीतीभाती, सणवार, धर्माविषयीचे प्रश्न, बायकांची दुखणी, सगळं त्या पत्रांतून आलं. गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या आणि आनंदीबाईंची तब्येत ढासळत होती. डोकेदुखी, ताप पाठ सोडत नव्हते. थिओडिशियांनी अमेरिकेतून औषधं पाठवली. ती लागू पडली नाहीत, पण एकदाही न पाहिलेल्या मुलीच्या डोकेदुखीची काळजी करणारं घर साता समुद्रापलीकडे तयार झालं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या आणि पत्रांत तशीच हाक मारू लागल्या.

7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी सांगितलं होतं की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. वय 18. सोबतीला नवरा नाही, नात्यातलं कुणी नाही. 4 जूनला बोट न्यू यॉर्कला लागली, तेव्हा धक्क्यावर मावशी उभ्या होत्या.

तो उन्हाळा रोझेलला गेला. कार्पेंटरांच्या घरी मुली होत्या, शेजारपाजार होता आणि नऊवारीतली पाहुणी बघायला येणाऱ्यांची रीघ होती. या घराचा मोठेपणा असा की त्यांनी तिला बदलायचा प्रयत्न केला नाही. ती शाकाहारी होती, शाकाहारीच राहिली. कुंकू, बांगड्या, लुगडं, सगळं तसंच. उलट तिनेच मावशींच्या मैत्रिणींना आपल्या पद्धतीचं जेवण करून घातलं. पाहुणी वाढते आहे आणि यजमान शिकताहेत, असं ज्या घरात घडतं तिथेच पाहुणी घरची होते. इंग्रजी तिला गोपाळरावांनी आधीच शिकवलं होतं, ते रोझेलच्या स्वयंपाकघरात आणि अंगणात बोलतं झालं.

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश झाला. डीन रेचल बॉडली यांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली. पण आता रोझेलचं घर सुटलं आणि भाड्याची खोली आली. तिथली शेगडी नीट पेटत नसे. एक तर धूर सोसायचा, नाही तर थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. पाय झाकले गेले, आतून उबदार कपडे घालता येऊ लागले, आणि आपला पोशाख सोडणार नाही हा शब्दही मोडला नाही. वेगळा आहार, थंडी आणि अभ्यासाचा ताण यांनी तब्येत पार खचली. पुढे क्षयाने गाठलं. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या.

रमाबाईंचा अनुभव वेगळा होता. त्याच 1883 मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या मठात राहिल्या. इंग्रजी शिकल्या, आणि भारतात यायला निघालेल्या जोगिणींना मराठी शिकवून आपला खर्च भागवला. तिथे त्यांनी धर्मही बदलला, पण कोणत्या पंथाची शिस्त पाळायची यावरून मठाशी आणि चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचे मोठे वाद झाले. आश्रय देणारा जेव्हा पाहुण्याच्या श्रद्धेवरही हक्क सांगू लागतो, तेव्हा आश्रय जड होतो. रोझेलचं घर या कसोटीला उतरलं, म्हणूनच ते इतकं महत्त्वाचं.

आणि स्पॅनिश? त्या भाषेत खरोखर घर केलेला मराठी माणूस म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. ब्रिटिश राज्यात पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोचले. मेक्सिकोचे अधिकारी रामोन दे नेग्री यांच्याशी त्यांची कॅलिफोर्नियापासून ओळख होती आणि ती मेक्सिकोत कामाला आली. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे शिकवू लागले, मक्याच्या जातींवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभारल्या. ज्यांना मका कसा पेरायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांच्यापुढे त्यांच्याच भाषेत मक्याबद्दल बोलायचं, ही परीक्षा कुठल्याही भाषेच्या प्रमाणपत्रापेक्षा अवघड. ते ती उत्तीर्ण झाले. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात भाकरी वाटणारा माणूस रंगवला, तो खानखोज्यांचा चेहरा घेऊन. 2022 मध्ये चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

आनंदीबाई मायदेशी परतल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक हाती होती, पण ती जागा त्या सांभाळू शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा मावशींकडे पाठवण्यात आली, आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली.

आज बाळकुमहून कुणाची मुलगी स्पॅनिश शिकायला निघते तेव्हा घरचे फी, व्हिसा, विमा, तिकीट यांची फाइल नीट लावतात. ज्या घरात ती राहणार आहे, त्या घराचं मात्र बहुधा फक्त नाव आणि पत्ता हाती असतो, तोही निघायच्या आठ दिवस आधी. पालकांनी तो पत्ता लवकर मागून घ्यावा आणि मुलीने स्वतः त्या घराला लिहावं. आपण काय खातो, काय खात नाही, घरात कोण आहे, सण कोणते, दुखणीखुपणी कोणती, हे सगळं सांगावं आणि त्यांचंही विचारावं. ते मोडक्या स्पॅनिशमध्ये लिहिलं तरी चालेल.